तिसरा गोल

मेघाश्री : हा आकडा तुम्हीच लिहिलाय ना, महानंदाअक्का? चिकटपणा, दहापैकी दोन?

महानंदा : व्हय मॅडम. खाली सही माझीच हाय की.

मेघाश्री : हातावरच्या तिसऱ्या गोलाला?

महानंदा : तिसऱ्याच. पयला मनगटाकडं, दुसरा मधी, तिसरा कोपराकडं. रोजच्यासारखं. का ओ, काय चुकलं?

मेघाश्री : परवा त्या तिसऱ्या गोलात मी आपलं क्रीम लावलंच नव्हतं. नुसती पेट्रोलियम जेली लावली होती. मुद्दाम. बाकीच्या अकरा जणींनी चिकटपणाला नऊ दिलेत, एकीनं दहा. तुम्ही दोन.

महानंदा : परवा डोकं दुखत हुतं माझं.

मेघाश्री : ठीक आहे, परवा दुखत होतं. त्याआधीच्या सोळा टेस्टना? मी सगळे कागद काढून बघितले. दुसऱ्या गोलाचा आकडा आणि तिसऱ्याचा, सोळाच्या सोळा वेळा एकच आहे. असं होत नाही अक्का. दोन वेगळी सँपल असतात ती.

महानंदा : म्हंजे मी कापी मारली म्हणतासा.

मेघाश्री : मी विचारतेय. पाच वर्षं झाली तुम्हाला ह्या क्रीम तपासायच्या पॅनेलवर. आम्ही काचेच्या दांडीनं लावायचं, तुम्ही बोटसुद्धा लावायचं नाही, दहा मिनिटांनी नुसत्या कातडीला काय जाणवतं ते सांगायचं. ग्लिसरीन अर्धा टक्का वाढलं तरी तुमच्या हाताला कळायचं. नवीन मुली येतात तेव्हा मी त्यांना तुमचे जुने कागद दाखवते. तुम्ही सुम्मने, उगाच असं करणार नाही. म्हणून दार लावून घेतलंय.

महानंदा : झोप न्हाई नीट. तेवढंच. उद्यापास्नं बघा, बरोबर लिहिते.

मेघाश्री : उद्या नको, आत्ता. आपण दोघीच. हात पुढं ठेवा आणि डोळे मिटा.

महानंदा : आत्ता कशाला ओ मॅडम? सगळ्यांची जेवायची सुट्टी झालीया.

मेघाश्री : पाच मिनिटं. दांडी थंड आहे, लागली की नुसतं "हं" म्हणा.

महानंदा : …हं.

मेघाश्री : बरोबर. हा पहिला.

महानंदा : हं.

मेघाश्री : दुसरा. डोळे उघडू नका.

महानंदा : न्हाई उघडत.

मेघाश्री : …

महानंदा : लावा की मॅडम.

मेघाश्री : …

महानंदा : लावा की. किती वेळ नुसतं बसायचं? घाम फुटाय लागलाय मला.

मेघाश्री : डोळे उघडा, अक्का.

महानंदा : लावलासा?

मेघाश्री : केव्हाच. दोनदा. दुसऱ्यांदा दाबून फिरवलं. कातडी ओढली गेलेली मला दिसली.

(महानंदा बाही खाली ओढू लागते.)

मेघाश्री : थांबा. हा लाल दिवा बंद करून पांढरा लावते. क्रीमचा रंग कळू नये म्हणून बसवलाय, पण त्यात कातडीचाही कळत नाही… अय्यो. हे केव्हापासून आहे?

महानंदा : ते शिबं हाय, नुसता पांढरट डाग.

मेघाश्री : केव्हापासून?

महानंदा : दिवाळीपास्नं. आधी रुपयाएवढं हुतं. शिबं म्हणून सोडून दिलं. खाजत न्हाई, दुखत न्हाई.

मेघाश्री : आणि हा कडेला काळा व्रण?

महानंदा : संक्रांतीला पोळ्या करताना तवा लागला.

मेघाश्री : एवढं भाजलं आणि तुम्ही…

महानंदा : मला कळलंच न्हाई. पवित्रा म्हणाली. माझी लेक. आठ वर्षांची हाय. म्हणाली, आई, कसला वास येतोय बघ, तुझा हात तव्याला लागलाय. तवर मी तसाच हात टेकवून पोळी उलटत हुते.

मेघाश्री : आमच्या क्रीमनं तर नाही झालं हे? खरं सांगा.

महानंदा : न्हाई न्हाई. हे सँपल तर आत्ता आलंय. तुमच्या क्रीमचा काय दोष न्हाई. कुणाला सांगू नका तेवढं. उजवा हात घ्या माझा. उजवा एकदम चांगला हाय.

मेघाश्री : कातडीला काही झालं तर पहिल्या दिवशी सांगायचं, असा कागद तुम्ही सही करून दिलाय. मला लिहावं लागेल.

महानंदा : लिहिलं की काढून टाकतील. पाया पडते तुमच्या.

मेघाश्री : पाया नका पडू. दोन दिवस मी काही लिहीत नाही. पण तुम्ही कातडीच्या डॉक्टरला दाखवायचं. खाजगी नको असेल तर सरकारी हॉस्पिटल आहे. जाल ना?

महानंदा : जाते. …मॅडम.

मेघाश्री : काय?

महानंदा : आत्ताच हात धुतलासा की तुम्ही. परत का धुतासा?

मेघाश्री : …सवय आहे.

*

मेघाश्री : आज तिसरा दिवस, अक्का. आणि तुम्ही उजव्या हाताची बाही वर करून रांगेत उभ्या होतात. जाऊन आलात?

महानंदा : गेले हुते.

मेघाश्री : डॉक्टर काय म्हणाले?

महानंदा : डॉक्टरपर्यंत न्हाई गेले. दारापर्यंत गेले. दारावर बोर्ड हाय, वर कानडीत, खाली इंग्रजीत. कानडी मला वाचाय येतंय, निपाणीची हाय मी. "त्वचारोग आणि कुष्ठरोग विभाग." तेवढं वाचलं आणि माघारी फिरले. बस कुठली पकडली ते बी आठवत न्हाई.

मेघाश्री : अहो, सगळीकडे तो विभाग एकच असतो. बोर्ड वाचून काय ठरतं? नस दबली असेल. व्हिटॅमिन कमी असेल.

महानंदा : तुम्हीच इंटरनेटवर बघितलासा न्हवं? खरं सांगा. डाग, आणि डागात कळत न्हाई. काय आलं त्यात?

मेघाश्री : इंटरनेटवरचं सगळं खरं नसतं.

महानंदा : आलं न्हवं तेच? मला बघाय लागत न्हाई. आमच्या घरात बघितलेलं हाय.

मेघाश्री : कुणाला?

महानंदा : आज्जीच्या धाकट्या बहिणीला. भागुबाई. आम्ही भागुआज्जी म्हणायचो. मी बघितली न्हाई तिला, आज्जीनं सांगितलेलं. निपाणीत विड्या वळायची. हात असा चालायचा म्हणं, की मुकादम दुसऱ्या बायकांना तिच्यापुढं बसवायचा, बघा म्हणून. एक दिवस कात्रीनं बोट कापलं. पानावर रक्त पडाय लागलं आणि ही आपली वळतीच हाय, वळतीच हाय. शेजारच्या बाईनं बघितलं आणि किंचाळली. त्या दिवसापास्नं तिच्या विड्या कुणी घेईनात.

मेघाश्री : तेव्हाची गोष्ट वेगळी होती.

महानंदा : ऐका की. नवऱ्यानं गाडी जुंपली आणि लांब, त्या लोकांची वसाहत असती तिथं नेऊन सोडली. देवाला जाऊ म्हणून नेलं. तीन वर्षांनी तिथनं पत्र आलं. बाई बरी झाली, येऊन घेऊन जा. आज्जीला वाचाय येत न्हवतं, तिनं मास्तराकडनं वाचून घेतलं.

मेघाश्री : मग?

महानंदा : मग काय. कोण गेलंच न्हाई. आज्जी बी न्हाई गेली. मरताना तेवढंच बोलत हुती ती.

मेघाश्री : …बसा. पाणी घ्या.

महानंदा : तुमच्या गिलासातनं नको.

मेघाश्री : घ्या म्हणते ना.

महानंदा : मॅडम, पवित्रा माझ्या ह्याच हातावर डोकं ठेवून झोपायची. संक्रांतीपास्नं तिचं अंथरूण भिंतीकडं घातलंय. काल विचारत हुती, आई, मी काय केलं? मी म्हटलं, उकडतंय. ह्या थंडीत उकडतंय म्हटलं मी पोरीला.

मेघाश्री : नवऱ्याला सांगितलंत?

महानंदा : न्हाई. माणूस चांगला हाय माझा. पण भागुआज्जीचा नवरा बी चांगलाच हुता म्हणं, त्या दिवसापर्यंत.

मेघाश्री : मी एक सांगू? त्या दिवशी मी सवयीनं हात नाही धुतले.

महानंदा : म्हाईत हाय मला.

मेघाश्री : घरी गेले आणि अंगावरचे कपडे वेगळ्या बादलीत भिजवले. आमच्या जयनगरच्या घरात मोलकरीण आहे, तिलाही हात लावू दिला नाही. एम.एस्सी. झालेली बाई मी. नंतर वाचलं, की असं हात लावून, शेजारी बसून हे होत नाही. वाचल्यावर लाज वाटली. पण वाचल्यावरसुद्धा ती बादली मी दुसऱ्या दिवशी फेकून दिली. हे तुम्हाला सांगायलाच हवं होतं मला.

महानंदा : …फेकून दिलीसा?

मेघाश्री : हो.

महानंदा : तुम्ही शिकलेल्या. तुम्हाला असं झालं. मग आमच्या गल्लीत काय व्हईल?

मेघाश्री : म्हणूनच आत्ता जायचं. उशीर झाला तर बोटं वाकतात, हे पण वाचलंय मी, ते खोटं नाही. तुमचे ते सगळे आकडे मी काढून टाकलेत, ते ठेवता येत नाहीत. बाकी एक अक्षर लिहिलेलं नाही. उठा. ऑटो बोलावते.

महानंदा : तुम्ही येणार?

मेघाश्री : तुम्ही परत दारातून फिराल. येते.

महानंदा : माझ्यासंगं ऑटोत बसशीला?

मेघाश्री : बसते. मला पण भीती वाटतेय, ते काही लपवत नाही. पण बसते.

*

मेघाश्री : तास होऊन गेला. मी दोनदा आत डोकावले, नर्सनं हाकललं. काय म्हणाले?

महानंदा : तेच हाय. नाव घेऊन बोलले, सरळ. आवाज सुद्धा खाली केला न्हाई. भायेरच्या बाकावरच्या बाईनं ऐकलं असंल. मी म्हटलं, डॉक्टर, हळू बोला. तर म्हणाले, हळू का? ताप आला तर हळू बोलतो का आपण?

मेघाश्री : बसा आधी. इथं, माझ्याजवळ. काय काय केलं त्यांनी?

महानंदा : कापसाची वात फिरवली हातावर. डोळे मिटाय लावले, कुठं लागलं तिथं बोट ठेवा म्हणाले. मग दोन नळ्या, एक गरम पाण्याची, एक गार. डागावर दोन्ही सारख्याच. कोपराची नस चाचपली. कानाच्या पाळीला बारीक छेद देऊन काचेवर काय काय घेतलं. त्याचा रिपोर्ट मागनं. पण डाग एकच हाय आणि नस अजून धरलेली न्हाई म्हणाले. लवकर आलासा म्हणाले.

मेघाश्री : लवकर. ऐकलंत ना? लवकर.

महानंदा : सहा महिने गोळ्या. फुकट मिळतात. पयला डोस त्यांनी आपल्यासमोर गिळाय लावला. आता हितनं पुढं माझ्यापास्नं कुणाला व्हणार न्हाई म्हणाले. आणि उद्या लघवी लाल व्हईल, भिऊ नका म्हणाले. सगळं सांगून वर म्हणतात, भिऊ नका. मी संक्रांतीपास्नं एक घास नीट खाल्ला न्हाई आणि हे लघवीचं सांगतात.

मेघाश्री : हसलात तुम्ही.

महानंदा : हसले व्हय? …मॅडम, हाताला परत कळाय लागंल का, ते विचारलं मी.

मेघाश्री : मग?

महानंदा : म्हणाले, कुणाचं येतं, कुणाचं न्हाई येत. आत्ता सांगता येत न्हाई.

मेघाश्री : अक्का, एक गोष्ट मला आत्ताच बोलायला हवी. कातडीच्या पॅनेलवर तुम्हाला आता घेता येणार नाही. उजवा हातसुद्धा नाही, औषध चालू असेपर्यंत.

महानंदा : म्हंजे गेली नोकरी.

मेघाश्री : वासाच्या पॅनेलला एक जागा आहे. मी तुमच्यासाठी भांडते. मिळेलच असं सांगत नाही, खोटं बोलून काय करू?

महानंदा : आणि कागदावर काय लिहिशीला?

मेघाश्री : "त्वचेची संवेदना कमी, उपचार सुरू." एवढंच. रोगाचं नाव तुमचं आहे. कुणाला सांगायचं, कुणाला नाही, ते तुम्ही ठरवायचं.

महानंदा : ठरवाय कुठं ठेवलंय त्यांनी. घरातल्यांना घेऊन या म्हणाले. माझ्या माणसाला आणि पवित्राला. तपासून, काय नसंल तर एकेक गोळी देतात, पुढं व्हऊ नये म्हणून. आता घरात काय सांगून आणू त्यांना? देवाला जाऊ म्हणून?

मेघाश्री : खरं सांगून.

महानंदा : तुम्ही सांगा की.

मेघाश्री : माझ्या तोंडून ऐकलं तर त्यांना आणखी भीती वाटेल. लावा फोन. मी त्या झाडाखाली थांबते. ऐकणार नाही, पण जाणारही नाही.

*

महानंदा : हॅलो. कुठं हायसा?

रत्नाकर : मारतहळ्ळीच्या पुलावर. कंपनीची पोरं सोडली आत्ता. गाडीत कोण न्हाई. बोल.

महानंदा : गाडी बाजूला घ्या.

रत्नाकर : का? पवित्रा…

महानंदा : ती शाळेत हाय. बरी हाय. गाडी बाजूला घ्या आधी.

रत्नाकर : थांब, पूल उतरू दे. …घेतली. बोल.

महानंदा : मी सरकारी दवाखान्यात आलीया. माझ्या हातावर ते हाय न्हवं, पांढरट.

रत्नाकर : शिबं.

महानंदा : शिबं न्हाई ते.

रत्नाकर : मग काय हाय?

महानंदा : भागुआज्जीला झालं हुतं ते.

रत्नाकर : थांब, इंजिन बंद करतो.

महानंदा : ऐकतासा न्हवं?

रत्नाकर : ऐकतोय.

महानंदा : काय तरी बोला की.

रत्नाकर : कोण म्हणालं?

महानंदा : डॉक्टर. सगळं तपासून म्हणाले. सहा महिने गोळ्या घेतल्या की बरं व्हतंय. पयली घेतली बी मी. आता माझ्यापास्नं कुणाला व्हणार न्हाई. पण तुम्हाला आणि पोरीला एकदा दाखवाय पायजे.

रत्नाकर : पोरीला?

महानंदा : घरातल्या सगळ्यांना तपासतात.

रत्नाकर : तिला झालं असंल तर?

महानंदा : तर तिलाबी गोळ्या. बरी व्हईल. मी हजारदा विचारून घेतलंय ते.

रत्नाकर : कवापास्नं हाय हे?

महानंदा : दिवाळीपास्नं. संक्रांतीला कळलं, काय तरी वाईट हाय म्हणून.

रत्नाकर : संक्रांतीपास्नं तू एकटीच घेऊन बसलीस. म्हणून पोरीला भिंतीकडं झोपवलीस. मला वाटलं, माझ्यावर रुसलीस.

महानंदा : भागुआज्जीच्या नवऱ्यानं तिला गाडीत घालून नेली आणि सोडली. तुमचा बी धंदा गाडीचाच हाय.

रत्नाकर : …काय बोलतीस गं.

महानंदा : भ्या वाटलं मला.

रत्नाकर : मला बी वाटतंय. खोटं कशाला सांगू? पयलं पोरीचंच मनात आलं.

महानंदा : मी घरी येऊ न्हवं?

रत्नाकर : मग कुठं जातीस?

महानंदा : तसं न्हाई. तोंडानं म्हणा.

रत्नाकर : घरी ये. …महानंदा, घरी ये. उद्याची ड्युटी मी आमच्यातल्या गिरीराज ड्रायव्हरला देतो. पोरीची शाळा बुडू दे. तिघं जाऊ सकाळी.

महानंदा : तिला काय सांगायचं?

रत्नाकर : ते मला बी सुचत न्हाई. आईला बरं न्हाई, आपल्याला बी तपासाय बोलावलंय, म्हणू. पुढचं ती विचारंल तसं बघू. गल्लीत एवढ्यात बोलू नको.

महानंदा : न्हाई बोलत.

रत्नाकर : जवळ कोण हाय?

महानंदा : मॅडम आल्यात. झाडाखाली उभ्या हायत.

रत्नाकर : बरं. …गोळ्या कवा घ्यायच्या त्या?

महानंदा : रोज, रातच्याला जेवल्यावर. महिन्यातनं एकदा त्यांच्यासमोर. एक दिवस बी चुकवायची न्हाई म्हणाले.

रत्नाकर : त्या टायमाला मी विमानतळाच्या रस्त्याला असतोय.

महानंदा : घेईन मी. न्हाई इसरत.

रत्नाकर : मी फोन करीन. रोज. गोळी गिळल्याबिगर ठेवायचा न्हाई.